बुदैयावाल्याची सही

माझ्या नवऱ्याचा जगातल्या सगळ्यांवर विश्वास आणि माझा कुणावरच नाही, त्यामुळे आमच्या घरात सरासरी बरोबर बसायची. बहरीनमध्ये आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये कामाला होतो. हे खाली टूलरूममध्ये, आणि मी माडीवरच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. ड्राफ्ट्सवुमन असं तेव्हा कुणी म्हणत नसे आणि मलाही त्याची हौस नव्हती. नाशिकच्या आयटीआयमध्ये वर्गात मी एकटी मुलगी होते. तिथल्या मास्तरांनी बजावलं होतं की दुसऱ्याने सांगितलेलं माप खरं धरायचं नाही, आपण स्वतः मोजायचं. ते मी जरा जास्तच मनावर घेतलं, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाब अल बहरीन ह्या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानावर आमचं बिऱ्हाड होतं. लग्नानंतर कित्येक वर्षं हे इथे आणि मी नाशिकला, असा पत्रांवरच संसार झाला होता. शेवटी ह्यांच्या मालकाला ड्रॉइंगवालं माणूस हवं झालं, ह्यांनी माझं नाव पुढे केलं आणि मला व्हिसा मिळाला. मालकाला सगळे अरबाब म्हणत. आमचे दोघांचे व्हिसाचे कागद त्याच्या एका कपाटात होते. एकाने काही गडबड केली तर दोघांनाही एकाच विमानात बसवून खलास. पुन्हा पत्रांवर संसार करायची माझी अजिबात तयारी नव्हती, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून असायची.

उन्हाळा सुरू व्हायच्या बेतात असताना अरबाबाने एका गोऱ्या म्हाताऱ्याला माडीवर आणलं. उंच, वाळकुडा, दोन्ही हात पॅन्टच्या खिशात. मागून ड्रायव्हर कापडात गुंडाळलेली लांब वस्तू घेऊन आला. माझ्या बोर्डवर ती उलगडली तर आत पोलादाची जाड नळी.

"सिस्टर," अरबाब हिंदीत म्हणाला, "ये हमारा पुराना दोस्त है. बुदैया में रहता है. इसका बंदूक बनाना है, थोडा सा."

थोडीशी बंदूक! अरबाबाने ह्यांनाही टूलरूममधून वर बोलावलं होतं, मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा जिलबी दिसल्यासारखा खुलला होता. वर्षानुवर्षं पंपाचे शाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या सीटा करून कंटाळलेला माणूस तो.

म्हाताऱ्याने शांतपणे समजावून सांगितलं. लांबवर, हजार यार्डांवर नेम मारायची रायफल. नळी विलायतेहून आणलेली, गोळीला पीळ देणाऱ्या आतल्या आट्यांसकट तयार. फक्त मागच्या टोकाला काडतूस बसायची खोबण कोरायची, तिला चेंबर म्हणतात. ह्या खोबणीची मापं ठरवणं हेच खरं काम, असं तो म्हणाला. काडतुसाची मान किती आवळून धरायची, अंग किती सैल ठेवायचं, खोली किती, आणि गोळीपासून आटे किती लांब सुरू करायचे. त्याला सगळं आवळ हवं होतं. "माझी काडतुसं मी घरी स्वतः भरतो, एकेक तोलून आणि मापून," तो म्हणाला. "दुसरं कुठलंही काडतूस ह्यात गेलं नाही तरी चालेल."

मी मापं मांडली, ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवली आणि खालच्या कोपऱ्यातल्या 'मंजूर' असं लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवून पेन पुढे केलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय ड्रॉइंग खाली टूलरूममध्ये जात नसे. म्हाताऱ्याने पेनकडे पाहिलं. हात खिशातून बाहेर आले नाहीत.

"सही नंतर करतो," तो म्हणाला, आणि निघाला. ऑफिसबॉयने आणलेला चहा तसाच राहिला. त्याने कपाला बोटही लावलं नव्हतं.

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस आपल्या बंदुकीच्या कागदावर नाव घालत नाही त्याला काय म्हणायचं? मी खाली जाऊन अरबाबाला विचारलं, पोलिसांचं परमिट आहे का. तो हसला, ड्रॉवर उघडला आणि एक अरबी कागद माझ्यासमोर धरला. वर शिक्का होता. मला अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी घरी जाऊन माझ्या पासपोर्टातल्या शिक्क्याशी त्या शिक्क्याची आठवणीने तुलना केली. हा जरा लहान वाटला.

"अगं, परमिट नाही तर काय किराणा मालाची यादी दाखवेल का तो?" हे म्हणाले.

"अहो, तुम्हाला वाचता येतं का ते?"

"नाही."

"मग झालं तर."

ड्रॉइंग सहीविना माझ्या खणात पडून राहिलं. म्हातारा उन्हाळ्यात विलायतेला गेला आणि सप्टेंबरात परत आला तो मापं बदलूनच. आता त्याला मान सैल हवी होती, अंगही सैल हवं होतं. हात खिशातच. म्हणाला, "कुठलंही काडतूस सहज जायला पाहिजे. ज्याच्या हातात जे मिळेल ते."

मी काही बंदुकीतली तज्ज्ञ नव्हते, पण एवढं कोणालाही कळेल. स्वतःच्या मापाच्या काडतुसाची बंदूक हा छंद झाला. पण ज्याच्या हातात जे मिळेल ते चालणारी बंदूक कशाला लागते? त्या दिवसांत रोज रेडिओवर कुठे ना कुठे गोळीबाराच्या बातम्या यायच्या. उद्या ही बंदूक कुठल्या गैर कामात सापडली तर नळी त्याची, पण आतली खोबण माझ्या नवऱ्याची आणि ड्रॉइंगवर खाली सही माझी. त्याचं नाव कुठेच नाही.

मी ब्लेडने जुनी मापं खरवडून नवी घातली. खरवडून खरवडून तिथला कागद पातळ झाला होता. सहीला पेन पुढे केलं. "नंतर," तो म्हणाला.

शुक्रवारी मी ह्यांना म्हटलं, बुदैयाच्या रस्त्याला मळ्यातली ताजी भाजी मिळते, चला. ह्यांना माझा बेत कळला असणार, पण मित्राची गाडी मागून घेऊन आले बिचारे. खजुरांच्या मळ्यांमधून जुनी घरं मागे पडली, नवे बंगले लागले. अरबाबाच्या ड्रायव्हरकडून मी खूण विचारून ठेवली होती, हिरवं फाटक आणि बोगनवेल. मी गाडी हळू घ्यायला लावली.

फाटक उघडंच होतं. हिरवळीवर चटई टाकून एक गोरी बाई पालथी झोपली होती. केस पिकलेले, अंगावर साधा फ्रॉक. तिच्या खांद्याला रायफलीचा लाकडी दस्ता टेकवलेला, नळी नसलेला, आणि ती भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरून निश्चल पडली होती. म्हातारा शेजारी खुर्चीवर, हात खिशात, तिला काही सांगत होता.

"बघितलंत?" मी म्हटलं. "बायकोलाही तयार करतोय."

"कशासाठी तयार करतोय?"

"ते कळेलच!"

"अगं, साठीची बाई आहे ती. ती काय राज्य उलथवणार आहे?"

भोपळा आणि मुळे घेतले आणि परत आलो. रात्री मुळ्याची भाजी केली. हे काम सोडा, असं मी सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवून सांगितलं की तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापासून मी दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करतोय, असं नाजूक काम मला पुन्हा कुणी देणार नाही. मला वाईट वाटलं, पण मत बदललं नाही. अरबाबाने मात्र दुसऱ्याच दिवशी निकाल लावला. "सिस्टर, साइन इंशाल्ला हो जाएगा. काम शुरू करो, यल्ला!"

ह्यांनी माझ्या मापावरून कोरायचं हत्यार स्वतः घासून तयार केलं. त्याला रीमर म्हणतात. म्हाताऱ्याने विलायतेहून एक गेज आणलं होतं, काडतुसाच्या आकाराचा काळाभोर पोलादी तुकडा, सोबत अचूकपणाचा दाखला. खोबण पुरेशी खोल झाली की हे गेज आत घालून नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मिटतो. नाही मिटला तर अजून कोरायचं.

मधेच खंडेनवमी आली. आमच्या वर्कशॉपात कोकणातले, सातारा-कोल्हापूरकडचे मिळून बरेचजण होते. टूलरूमचं दार लोटून दरवर्षी हत्यारांची पूजा व्हायची. अरबाब त्या वेळी मुद्दाम बाहेर चहा प्यायला जायचा. झेंडू मिळायचे नाहीत, मग कुणाच्या तरी मळ्यातली पिवळी फुलं यायची. कुंकू दरवर्षी माझं. तिथल्या दमट हवेत पुडीतलं कुंकू गोळा होऊन जायचं आणि कपाळावरून ओघळायचं, म्हणून मी बाटलीतलं ओलं कुंकू वापरायची. ते वाळलं की कपाळाला असं घट्ट बसायचं की तेल लावून खरवडावं लागायचं. बाटली ह्यांच्या हातात दिली आणि मी वर निघून गेले. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, त्यामुळे काम त्यानंतर सुरू झालं.

काम सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी हे माडीवर आले ते चेहरा पाडून.

"तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे खोली आली. मी तीनदा मोजली. पण गेज बसत नाही. बोल्ट मिटत नाही."

"मग?"

"मग काय, गेजला दाखला आहे. ड्रॉइंगमध्येच कुठेतरी चुकलं असेल. एक-दोन थाऊ अजून कोरतो." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या जगात तेवढ्यावर घरं बसायची आणि मोडायची.

माझं ड्रॉइंग चुकलं! माझा पारा चढला. मी सगळी मापं पुन्हा तपासली, बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या. चूक नव्हती. आणि मग मला सगळा डाव लख्ख दिसला. दाखल्याचं गेज खोटं. ते मुद्दाम जरा मोठं करून आणलेलं. त्याच्यावर भरवसा ठेवून हे जास्त खोल कोरणार. चेंबर जास्त खोल झालं की काडतूस आत ताणून फाटतं आणि जळता वायू मागे तोंडावर येतो, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. बोंब झाली की ड्रॉइंग माझं, हात ह्यांचा, आणि म्हाताऱ्याची कागदावर सही नाही.

"मशीनला हात लावायचा नाही," मी ह्यांना सांगितलं. "आधी तो माणूस इथे येऊ दे."

"त्याला काय सांगू?"

"काही सांगू नका. फक्त बोलवा."

तो दुपारी आला. खिडकीतला एसी ठिबकत होता, त्याच्याखाली बादली. मी त्याला बसा म्हटलं नाही. इंग्रजी माझं कामापुरतं, पण रागात मला कुठलीही भाषा येते. मी सगळं काढलं. सही का करत नाही. मापं का बदलली. ज्याच्या हातात जे मिळेल ते काडतूस म्हणजे कुणाच्या हातात. हिरवळीवर बाईला काय शिकवत होता. हे खोटं गेज आमच्या गळ्यात का मारलं. हे माझ्या मागे उभे राहून "अगं, अगं" करत होते.

म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "गेज खोटं आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"माझं ड्रॉइंग खरं आहे त्यावरून."

मी गेज उचललं आणि खिडकीच्या उजेडात फिरवलं. काळ्या पोलादावर तेलाची चमक. पण बुडाच्या सपाट गोलावर मधोमध थोडी वेगळीच चकाकी होती, टिकलीएवढी. मी ट्रेसिंग खरवडायचं ब्लेड घेतलं आणि तिथे हलकेच ओढलं. पांढऱ्या कागदावर एक लालभडक टवका पडला.

मग हे हळूच म्हणाले, "अगं, हे आपलं कुंकू. मी सगळ्या हत्यारांना लावलं. ह्यालाही लावलं. नंतर पुसलं होतं गं मी फडक्याने."

बाटली माझीच होती. पर्समधून काढून मी ती पुराव्यासारखी बोर्डवर ठेवली आणि त्या माणसाला कसंबसं समजावलं की आमच्यात एका दिवशी हत्यारांना पूजतात आणि त्यांना हे लावतात. माझे कान गरम झाले होते. तो हसायला लागला. मनापासून, डोळ्यांत पाणी येईतो. "म्हणजे तुम्ही संशय घेतला नसता," तो म्हणाला, "तर तुमच्या देवाने माझं चेंबर बिघडवलं असतं." आणि हसता हसता गेज बघायला त्याने खिशातून उजवा हात काढला.

तो हात थरथरत होता. साधासुधा नाही, मनगटापासून, थांबायचं नाव न घेता. त्याने गेज उचललं, ते बोटांतून सुटलं, बोर्डवर आपटून गडगडत खाली बादलीशी गेलं. हे वाकून उचलायला गेले. म्हाताऱ्याने हात परत खिशात घातला आणि त्याचं हसू गेलं.

न उचललेला चहा मला आठवला. दर वेळी पुढे केलेलं पेनही आठवलं. मी त्याला खुर्ची दिली.

"बंदूक माझी नाही, बायकोची आहे," तो म्हणाला. "नेम तिचा, काडतुसं माझी, अशी आमची जुनी पद्धत आहे. तिच्यासाठी प्रत्येक काडतूस मी भरत आलो. पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं होतं, अजून वर्षभर हात साथ देईल. उन्हाळ्यात डॉक्टरला दाखवलं. आता काडतुसाची दारू तोलायला जातो तर टेबलभर सांडते. म्हणून नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांना वाटून देतात ती काडतुसं चालतील असं चेंबर हवंय. ती मिळेल ते भरेल आणि मारेल." मग म्हणाला, "तिला हाताचं माहीत नाही. तिला सांगितलंय की नियम बदललेत. तुम्ही सांगू नका."

मला इतकं लाजिरवाणं झालं की काय करावं सुचेना. हा माणूस मला महिनोन् महिने बदमाश वाटत होता. आणि दोन थाऊ अजून कोरले असते तर फाटलेलं काडतूस त्या हिरवळीवरच्या बाईच्या गालापाशी होतं.

"पण सहीशिवाय ड्रॉइंग जाणार नाही," मी म्हटलं. माझा स्वभाव असा एका दुपारीत थोडाच जातो! मग मीच कुंकवाच्या बाटलीचं बूच उघडलं. स्टॅम्पपॅड खाली हिशेबनिसाकडे होतं आणि त्या क्षणी मला कुणालाही वर बोलवायचं नव्हतं. माझी आई जन्मभर अंगठाच लावायची, रेशनकार्डापासून माझ्या आयटीआयच्या फॉर्मपर्यंत, त्यामुळे मला त्यात कमीपणा वाटला नाही. त्याचा हात मी माझ्या दोन्ही हातांत धरला, अंगठ्याला कुंकू लावलं आणि 'मंजूर'च्या चौकटीत टेकवला. माझे हात असूनही तो जरासा फरकटलाच.

ह्यांनी गेज रॉकेलने धुतलं, आत घातलं आणि बोल्ट लोण्यासारखा मिटला. ड्रॉइंग बरोबर होतं. हे मी ह्यांना त्यानंतर किती वर्षं ऐकवलं ते विचारू नका.

रायफल तयार झाली तेव्हा म्हातारा आला नाही, बायको आली. जवळून पाहिली तर हसरी, उन्हाने रापलेली बाई. अरबाबाने तो अरबी कागद तिला दिला, तिने शिक्का बघून पर्समध्ये टाकला. ह्यांनी रायफल दाखवली, तिने बोल्ट दोनदा उघडून मिटला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे लाजून लाल. मग ती वर माझ्याकडे ड्रॉइंग बघायला आली. मापांवरून तिचं बोट फिरलं, पातळ झालेल्या कागदाशी थांबलं आणि मग खाली कोपऱ्यात गेलं.

"हे काय?"

"गिऱ्हाइकाची मंजुरी," मी म्हटलं.

"पण त्यांनी सही का केली नाही?"

खोटं मला कधी चटकन सुचत नाही, दुसऱ्याचं खोटं पकडण्यातच आयुष्य गेलेलं. पण तेव्हा सुचलं. "आमच्या वर्कशॉपमध्ये सहीची पद्धत नाही," मी म्हटलं. "सगळे अंगठाच लावतात. शुभ असतं."

मागे दारात हे उभे होते. ह्यांना जोराचा ठसका लागला.

ती बाई त्या फरकटलेल्या लाल ठशाकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, अगदी मी अरबी कागदाकडे बघायची तसं. माझी नजर खाली गेली.

"माल मिळाल्याची चौकट रिकामी आहे," ती म्हणाली. "मग मलाही ते द्या."

मी बाटली उघडली. तिने स्वतःच अंगठा बुडवला आणि त्याच्या ठशाशेजारी, अगदी लागून, टेकवला. स्वच्छ, गोल, रेषान् रेष उमटलेला.

"मी विचारलं होतं, हे त्यांना सांगू नका," ती म्हणाली.

मी नाही सांगत, म्हटलं. ती खाली गेल्यावर मी दोन्ही ठसे वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले आणि मला रडू आलं. मग बाटलीला बूच लावलं.